गाडीसाठी सॅटेलाइट रेडिओ: घ्यायचा का आणि कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नवी गाडी घेतली की ती डीलरकडून बाहेर पडतानाच तिच्यात बहुधा सॅटेलाइट रेडिओ सुरू असतो. पहिले काही महिने फुकट. मग पत्रं येतात, फोन येतात, आणि घरात चर्चा सुरू होते की हे ठेवायचं की बंद करायचं. इथल्या मराठी मंडळींकडून या बाबतीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं खाली आहेत. माझं मत आधीच सांगते: चॅनेलची यादी बघून हा निर्णय घेऊ नका, आपण कुठल्या रस्त्यांनी जातो ते बघून घ्या.

सॅटेलाइट रेडिओ म्हणजे इंटरनेट रेडिओच ना?

नाही. इंटरनेट रेडिओला मोबाइलची रेंज आणि डेटा लागतो. सॅटेलाइट रेडिओत कार्यक्रम उपग्रहावरून थेट तुमच्या गाडीच्या टपावरच्या अँटेनात उतरतो. फोन घरी विसरलात तरी रेडिओ चालतो.

हे प्रक्षेपण एकतर्फी आहे. उपग्रह पाठवतो, तुमचा सेट फक्त ऐकतो, उलट काहीच कळवत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. लहरी साधारण २.३ गिगाहर्ट्झच्या आहेत, म्हणून त्यांना आकाश मोकळं लागतं. डोंगर, काँक्रीट, ओली दाट झाडी यांच्या आरपार त्या नीट जात नाहीत. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे आकाश झाकलं जातं, तिथे कंपनीने जमिनीवर पुनर्प्रक्षेपण करणारे मनोरे उभारले आहेत.

रस्त्यावरच्या पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही, याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून येतो आणि त्यातला एक सुमारे चार सेकंद मागे ठेवलेला असतो. पुलाखाली जेवढा तुकडा हरवला, तेवढा दुसऱ्या प्रवाहातून भरून निघतो. म्हणून पूल चालतो, पण लांब बोगदा चालत नाही.

किती कंपन्यांमधून निवडायचं?

एकाच. पूर्वी दोन होत्या. एक्सएमने २००१ च्या सप्टेंबरात सेवा सुरू केली, सिरियस २००२ मध्ये देशभर पोचली. दोघींनी गाडी कंपन्यांशी वेगवेगळे करार केले, सिरियसने एनएफएलचे (अमेरिकी फुटबॉलचे) प्रक्षेपण हक्क घेतले, एक्सएमने बेसबॉलचे घेतले, आणि या चढाओढीत दोघीही तोट्यात राहिल्या. २००७ च्या फेब्रुवारीत त्यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं आणि २००८ च्या जुलैत विलीनीकरण पूर्ण झालं. तेव्हापासून सिरियसएक्सएम ही एकच. म्हणजे कंपनी निवडायचा प्रश्न नाही. निवडायचं आहे ते पॅकेज आणि सेट.

मला तो खरंच लागतो का?

तुमचं रोजचं जाणंयेणं एडिसन ते जर्सी सिटी किंवा फ्रीमाँट ते सनीव्हेल असेल, आणि फोनवर गाण्यांचं एखादं अॅप आधीच असेल, तर बहुतेक नाही. या पट्ट्यांत रेंज सलग मिळते, स्थानिक एफएम भरपूर आहे, आणि पॉडकास्ट ऐकायचे तर फोन पुरतो. अशांनी ट्रायल संपली की निर्धास्त बंद करावा.

पण ज्यांना गावाबाहेर लांब गाडी चालवावी लागते, त्यांचा हिशोब वेगळा आहे. एफएमचं स्टेशन साठ-सत्तर मैलांत विरतं आणि दर तासाला नवं शोधावं लागतं. वायोमिंगमधला आय-८० महामार्ग, मोंटानाचा पूर्व भाग, यलोस्टोनच्या आतले रस्ते, नेवाडातला यूएस-५० (ज्याच्यावर ‘अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता’ अशा पाट्याच आहेत), इथे फोनची रेंज मैलोन्मैल नसते आणि अॅप गोल फिरत बसतं. त्याच ठिकाणी सॅटेलाइट रेडिओ सर्वांत चांगला चालतो, कारण आकाश मोकळं असतं. कामानिमित्त कन्सास-नेब्रास्काच्या छोट्या गावांत फिरणारे इंजिनियर, ग्रामीण हॉस्पिटलमध्ये आठवड्याला जाणारे डॉक्टर, ट्रक चालवणारे, यांना मी बिनदिक्कत घ्या म्हणेन. रात्री एकट्याने गाडी हाकताना माणसाचा जिवंत आवाज सोबतीला असणं ही चैन नाही.

तिसरा गट खेळांचा. एनएफएल, बेसबॉल, एनबीए, हॉकी यांचं धावतं वर्णन ऐकायचं आणि आपला संघ दुसऱ्या शहरातला, तर याला चांगला पर्याय मिळणं अवघड आहे. घरातली इथे वाढलेली मुलं बहुधा याचसाठी हट्ट धरतात.

मराठी किंवा हिंदी गाणी मिळतील का?

मराठी चॅनेल नाही. हिंदी गाण्यांसाठी म्हणून पैसे भरत असाल तर भरू नका, निराश व्हाल. क्रिकेटचं धावतं वर्णन मिळेल ही आशाही ठेवू नका. जुनी नाट्यपदं, भावगीतं, अभंग हे सगळं प्रवासाआधी फोनवर उतरवून घ्या. ते रेंज नसतानाही वाजतं आणि कुणाला महिन्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

मिळतं काय, तर अमेरिकी संगीताचे दशकवार आणि प्रकारवार चॅनेल, जाझ, पाश्चात्त्य शास्त्रीय, विनोद, खेळ, आणि बातम्यांमध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, एनपीआर, सीएनएन, फॉक्स, ब्लूमबर्ग. संगीताच्या चॅनेलवर सहसा जाहिराती नसतात. बोलण्याच्या आणि बातम्यांच्या चॅनेलवर असतात, आणि बऱ्याच. ‘जाहिराती नाहीत’ एवढंच ऐकून घेणाऱ्यांची इथे फसगत होते.

माझ्या गाडीत तो आधीच आहे का, कसं कळेल?

रेडिओच्या स्क्रीनवर एफएम, एएम, ब्लूटूथच्या रांगेत एसएक्सएम किंवा सॅट असं बटण दिसलं तर आहे. टपाच्या मागच्या बाजूला शार्कच्या परासारखी अँटेना असते, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका, ती जीपीएससाठीही असते. बटण दाबून चॅनेल शून्य लावा. तिथे रेडिओ आयडी दिसतो. हा आकडा म्हणजे तुमच्या सेटची ओळख, आणि वर्गणी माणसाच्या नावापेक्षा या आकड्याशी जोडलेली असते. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

सेकंड हँड गाडी घेतली असेल तर हे आधी करा. आधीच्या मालकाने सेवा बंद केलेली असली तरी आतला सेट ठणठणीत असतो. जुन्या गाड्यांच्या नव्या मालकांनाही कंपनी पुष्कळदा फुकट ट्रायल देते. तेव्हा गाडीचा व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) हाताशी धरून विचारून बघा. नवा सेट विकत आणून मग गाडीतच होता असं कळणारे लोक कमी नाहीत.

३६०एल काय आहे?

२०१९ च्या रॅम १५०० ट्रकपासून आलेली नवी रचना. तिच्यात उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही एकत्र येतात. उपग्रह दिसत नसेल तर इंटरनेटवरून, रेंज नसेल तर उपग्रहावरून. शिवाय मागणीनुसार ऐकायचे कार्यक्रम आणि जास्तीचे चॅनेल. नव्या गाडीत असेल तर उत्तम, पण केवळ यासाठी जास्त महागडं मॉडेल घेऊ नये.

गाडीत नाही. मग काय घेऊ?

तीन वाटा आहेत.

पहिली, डॅशबोर्डवर लावायचा छोटा सेट. ऑनिक्स नावाची मालिका यात सर्वांत जास्त दिसते. ऑनिक्स ईझेडआर हा साधा, ऑनिक्स प्लस थोडा वरचा, ज्यात चालू कार्यक्रम थांबवता येतो आणि मागे नेता येतो. सेट, त्याचा पाळणा (सेट अडकवायची खोबण), चार्जरच्या भोकात जाणारी वायर आणि चुंबकाची अँटेना असं सगळं एका खोक्यात मिळतं. भाड्याच्या घरात राहणारे, दोन-तीन वर्षांत गाडी बदलणारे, विद्यार्थी, यांनी हाच घ्यावा. गाडी विकली तरी सेट तुमच्याकडेच राहतो.

दुसरी वाट, गाडीचा मूळ स्टिरिओ काढून पायोनियर, केनवुड, अल्पाइन, सोनी अशांपैकी नवा बसवणं. इथे एक सापळा आहे. खोक्यावर ‘सिरियसएक्सएम रेडी’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आत ट्यूनर (प्रक्षेपण पकडणारा भाग) आहे असा होत नाही. अर्थ इतकाच की ट्यूनर जोडायची जागा मागे आहे. एसएक्सव्ही३०० नावाची काळी डबी आणि अँटेना वेगळी विकत घ्यावी लागते. बसवणाऱ्याला दर विचारताना या डबीसकट विचारा, नाहीतर डॅशबोर्ड उघडल्यावर फोन येतो की एक वस्तू कमी आहे. कारप्लेही (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) हवं असेल तर ही वाट सर्वांत समाधानाची, कारण चॅनेलचं नाव, गाण्याचं नाव मोठ्या स्क्रीनवर येतं आणि स्टीअरिंगवरची बटणंही जोडून घेता येतात.

तिसरी, काहीच न घेता फक्त अॅप. २०२३ च्या डिसेंबरात नवं अॅप आलं तेव्हा त्याचा दर महिना ९.९९ डॉलर ठेवला होता. चॅनेल तेच, आवाज बहुधा जास्त चांगला. पण हा इंटरनेट रेडिओच. रेंज गेली की तोही गेला. शहरात राहून खेळ आणि बातम्या एवढ्यासाठीच हवा असेल तर मी याच्यापुढे जाणार नाही.

छोट्या सेटचा आवाज गाडीच्या स्पीकरमध्ये कसा न्यायचा?

गाडीत ऑक्सचं (बाहेरच्या आवाजाची वायर लावायचं) भोक असेल तर वायरने जोडा आणि दुसरा विचार करू नका. आवाज स्वच्छ येतो, खरखर नाही.

ऑक्स नसेल तर सेट स्वतःच एक बारीकसं एफएम स्टेशन होतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. त्यासाठी रिकामी जागा शोधावी लागते. ८८.१ पासून वर एकेक आकडा लावत जा. जिथे सलग, एकसारखी खरखर आहे आणि दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरही स्टेशन नाही, ती जागा घ्या. मग सेटवर तोच आकडा लावा. न्यू जर्सी, शिकागो, लॉस एंजेलिस इथे अशी जागा मिळणं फार कठीण आहे, आणि दुसऱ्या गावात पोचलात की तुमच्या रिकाम्या आकड्यावर तिथलं एखादं स्टेशन बसलेलं असतं. ज्या लांबच्या प्रवासासाठी सेट घेतला, त्याच प्रवासात दर दोन तासांनी हा खेळ करायचा, हे मला पटत नाही. अशा वेळी गाडीच्या एफएम अँटेनाच्या वायरीतच जोडणारा अॅडॉप्टर बसवून घ्या. जाणत्याकडून बसवावा लागतो, पण कटकट बरीच कमी होते.

अँटेना कुठे लावायची?

या प्रश्नाला लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि ‘रेडिओ नीट चालत नाही’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

जागा टपावर, सपाट पत्र्यावर, काठापासून किमान तीन-चार इंच आत. भोवतीचा पत्रा हाही अँटेनाच्या कामाचा भाग आहे, म्हणून ती डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेच्या आत ठेवली की रिसेप्शन पडतं. उपग्रह विषुववृत्तावर असतात, म्हणजे अमेरिकेतून ते दक्षिणेच्या आकाशात. तुमची गाडी कुठल्याही दिशेला तोंड करून जाणार, तेव्हा टपावर चारही बाजूंनी काही आड येणार नाही अशी मोकळी जागा हवी. सुट्टीत टपावर सामानाची पेटी बांधता ना, ती अँटेनाच्या अंगावर येऊ देऊ नका. थंडीत गाडीवरचा बर्फ झाडताना अँटेनावरचाही झाडा.

वायर खिडकीतून आत घेऊ नये. काच वरखाली करताना ती चिरते. टपावरून मागे आणा, डिग्गीच्या किंवा मागच्या दाराच्या रबराखाली दाबून बसवा, तिथून आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीखालून पुढे न्या. रबराच्या खालच्या बाजूने, पाणी निथळून जातं तिथून वळवली तर वायरीवरून पाणी आत येत नाही. उरलेली वायर गुंडाळून सीटखाली बांधा, कापू नका.

आणखी एक: चुंबक अॅल्युमिनियमला चिकटत नाही. फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून अॅल्युमिनियमची आहे. अशा गाडीला चिकटपट्टीवर बसणारी धातूची चकती लावून वर अँटेना ठेवावी लागते. काचेचं छत असलेल्या गाड्यांतही हाच प्रश्न येतो.

ऑनलाइन स्वस्तात जुना सेट मिळतोय. घेऊ का?

रेडिओ आयडी मागून घ्या आणि तो सेट सुरू करता येईल का, हे पैसे देण्याआधी कंपनीला विचारा. कंपन्या एक झाल्या तरी जुने सेट सिरियसचे वेगळे आणि एक्सएमचे वेगळे. दोघांचं प्रक्षेपण निराळं, अँटेना आणि पाळणेही एकमेकांना चालतीलच असं नाही. अपुऱ्या भागांचा जुना सेट पुरा करण्यात नव्याएवढा खर्च होतो.

आवाजाचा दर्जा कसा आहे?

ठीक. थोड्या जागेत खूप चॅनेल कोंबलेले असल्यामुळे आवाज बराच दाबलेला असतो. झांजांचा किणकिणाट आणि व्हायोलिनचे बारीक सूर पाण्यातून आल्यासारखे वाटतात. बोलण्याच्या चॅनेलवर हे जाणवत नाही. वेगात चाललेल्या गाडीत चाकांच्या आवाजापुढे फारसं खटकतही नाही. पण गाणं कान देऊन ऐकणाऱ्याने ट्रायलमध्येच, गाडी उभी करून, आपला माहितीचा एखादा तुकडा फोनवर आणि इथे लागोपाठ ऐकून बघावा.

वर्गणी नेमकी किती पडते?

पॅकेजचे दर बदलत असतात, म्हणून मी इथे आकडा देत नाही. पण बिल वाचायचं कसं ते सांगते. जाहिरातीतल्या दरावर ‘यूएस म्युझिक रॉयल्टी फी’ नावाची रक्कम चढते. नावावरून ती सरकारी वाटते, पण कर नव्हे, कंपनीच लावते. संगीत असलेल्या पॅकेजवर ती दरात चांगलीच भर घालते. त्याशिवाय कर वेगळे. म्हणून ‘सगळं धरून महिन्याला किती’ हा एकच प्रश्न विचारा.

छापील दर आणि लोक प्रत्यक्षात भरतात तो दर यांत मोठं अंतर असतं. ट्रायल संपताना किंवा सवलतीचं वर्ष संपताना ‘मला बंद करायचं आहे’ असं कळवलंत की समोरून बहुधा कमी दर येतो. भाजीवालीशी घासाघीस करताना आपण पाऊल मागे घेतो, तसंच इथेही पहिल्या उत्तरावर थांबू नये. शांतपणे, सभ्यपणे ‘नको’ म्हणा. फोनपेक्षा चॅट बरं, कारण ठरलेला दर लेखी राहतो.

सवलतीचा दर संपला की पूर्ण दर आपोआप सुरू होतो. कार्डावर पैसे कापले गेले की मग कळतं. सवलत घेतली त्याच मिनिटाला कॅलेंडरमध्ये संपायच्या दहा दिवस आधीची आठवण लावा.

बंद करणं खरंच अवघड आहे का?

हा विषय न्यायालयात गेला आहे. २०२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरल लेटिशा जेम्स यांनी वर्गणी रद्द करणाऱ्या ग्राहकांना मुद्दाम ताटकळवलं जातं म्हणून सिरियसएक्सएमवर खटला भरला. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने रद्द करण्याची पद्धत केंद्रीय कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. तुम्ही एवढं करा: ऑफर ऐकायच्या नसतील तर तेच वाक्य पुन्हा म्हणा, रद्द झाल्याचा नंबर किंवा ईमेल मागा, आणि पुढच्या महिन्याचं कार्डाचं बिल तपासा.

दोन गाड्या आहेत. एका वर्गणीत भागेल?

गाडीत बसवलेल्या सेटांना प्रत्येकी वेगळी वर्गणी लागते, दुसऱ्यावर सूट मागता येते. पण डॅशबोर्डवरचा सुटा सेट असेल तर दुसऱ्या गाडीसाठी नुसता पाळणा आणि अँटेना घ्या. सेट काढून इकडून तिकडे न्यायचा. वर्गणी एकच.

पैसे भरले, तरी चॅनेल लागत नाहीत.

गाडी गॅरेजमधून बाहेर काढा. सेवा सुरू करण्याचा आदेश उपग्रहावरूनच तुमच्या रेडिओ आयडीच्या नावाने येतो. सेट बंद असेल किंवा छपराखाली असेल तर तो हवेतच निघून जातो, आणि प्रक्षेपण एकतर्फी असल्यामुळे तो पोचला नाही हे कंपनीला कळायचा मार्ग नाही. मोकळ्यावर गाडी लावा, रेडिओ चालू ठेवा, सिग्नल आहे याची खात्री करा आणि अॅपवरून किंवा फोनवरून ‘रिफ्रेश’ (तोच आदेश पुन्हा) मागा. काही मिनिटं जाऊ द्या. दोन-तीन महिने भारतात जाऊन आल्यावर गाडीचा रेडिओ मुका झालेला असतो, त्यावरही हाच उपाय.

कॅनडात, हवाईत चालतो का?

गाडी घेऊन नायगराहून पलीकडे टोरांटोला गेलात तर सीमा ओलांडली म्हणून आवाज बंद पडत नाही. कॅनडात राहणाऱ्यांसाठी मात्र सिरियसएक्सएम कॅनडा वेगळी आहे, चॅनेल आणि दर वेगळे, सेट तिथेच सुरू करून घ्यावा. उपग्रहावरची सेवा अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांसाठी आहे. अलास्का आणि हवाईत ती धरू नका, तिथे अॅप.

घरी पुण्याला जुना वर्ल्डस्पेसचा सेट आहे. तो इथे चालेल?

नाही. वर्ल्डस्पेस हीसुद्धा सॅटेलाइट रेडिओ सेवाच होती, पण वेगळी. तिचा एशियास्टार उपग्रह २००० साली गेला, त्याच्या लहरी दीड गिगाहर्ट्झच्या जवळपास होत्या, इथल्या वेगळ्या. ती सेवा ३१ डिसेंबर २००९ ला भारतात कायमची बंद झाली. ‘गांधर्व’वर रात्रभर चालणारं हिंदुस्थानी शास्त्रीय आणि ‘फरिश्ता’वरची जुनी हिंदी गाणी ज्यांनी ऐकली, त्यांना हा प्रश्न का पडतो ते मी समजू शकते. गंमत अशी की वर्ल्डस्पेस एक्सएमच्या सुरुवातीच्या भागधारकांपैकी होती. जगभरातले तिचे बहुतेक वर्गणीदार भारतातच होते, पण गाडीत चालेल अशी सेवा तिला तिथे कधी उभी करता आली नाही.

मग भारतातल्या गाडीत आज असं काही मिळतं?

वर्गणीचा सॅटेलाइट रेडिओ नाही. एफएम, फोनवरचं अॅप, आणि बऱ्याच नव्या गाड्यांच्या रेडिओत आकाशवाणीचं डिजिटल प्रक्षेपण पकडणारं डीआरएम असतं. हे शेवटचं फुकट आहे आणि आपल्या गाडीत ते आहे हे मालकांना अनेकदा माहीतही नसतं. गाडीचं पुस्तक उघडून बघा.

गाडी विकतोय. रेडिओचं काय करू?

गाडी हातातून जायच्या आधी वर्गणी रद्द करा किंवा नव्या गाडीच्या रेडिओ आयडीवर वळवून घ्या. गाडी गेली तरी तुमच्या कार्डावरची वसुली आपोआप थांबत नाही. आगाऊ वर्षाचे पैसे भरले असतील तर उरलेल्या महिन्यांचा परतावा मागा किंवा नव्या सेटवर जमा करून घ्या. सुटा सेट असेल तर पाळणा, वायर आणि टपावरची अँटेना आठवणीने काढून घ्या. अँटेना विसरतेच, आणि मग नव्याने घ्यायला पैसे पडतात.